नाव बदलून, गाव बदलून

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून लाउडस्पीकरच्या धंद्यावर लेख हवा होता. वाशीम आणि आजूबाजूच्या गावांत उभी हयात मी लग्नांत, सभांत, सप्त्यांत भोंगे लावले. पण त्यावर लिहिण्यासारखं काय आहे? त्यात जे काही झालं ते सगळ्या गावानं ऐकलेलंच आहे. त्यापेक्षा भोंगे विकून टाकल्यावर म्हातारपणी जो उद्योग केला, त्याबद्दल लिहितो. तो ऐकणारे थोडे आणि 'हे काय नवीन खूळ?' असं विचारणारे भरपूर.

उद्योगाचं नाव पॉडकास्ट. आमच्याकडे बरेच लोक त्याला अजून रेडिओच म्हणतात. सोपं करून सांगायचं तर दोन माणसं माईकसमोर बसून बोलतात, ते बोलणं मोबाइलवर चढवतात, आणि ज्याला जेव्हा फुरसत मिळेल तेव्हा तो ऐकतो. कोणी मधूनच बंद केलं तरी बोलणाऱ्याला दिसत नाही, हा त्यातला मोठा फायदा. भोंग्याच्या धंद्यात लोक समोरून उठून जायचे आणि वर मलाच आवाज कमी करायला सांगायचे.

आमच्या कार्यक्रमाचं नाव 'इचारून तं पाहा'. लोकांनी मोबाइलवर आपल्या आवाजात प्रश्न पाठवायचे, आम्ही उत्तरं द्यायची. उत्तराचा उपयोग झालाच पाहिजे अशी अट नव्हती. हसू आलं पाहिजे, एवढंच.

आम्ही म्हणजे मी आणि शोभाबाई. शोभाबाई माझ्या सुनेची आई, म्हणजे माझी विहीण. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. या दोघांनी एकमेकांची टर उडवायची असा रिवाज आहे. ती मांडवात सुरू होते आणि कोणीतरी एक जण जाईपर्यंत चालते. तिचा राग मानणाऱ्याला हलका समजतात. पोरगा आणि सून पुण्याला असतात. एका दिवाळीत ते आले असताना चिवड्यात किती तिखट घालावं यावरून आमचं दोघांचं जुंपलं. सुनेनं ते गुपचूप मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि मैत्रिणींना पाठवलं. मैत्रिणी म्हणाल्या, आणखी पाठव. सुरुवात ही अशी आहे, यापेक्षा मोठी प्रेरणा वगैरे काही नाही.

शोभाबाईंचं बाजारात बांगड्यांचं दुकान. बांगडी भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो. दाबून धरलेला, पळता येत नाही, दुखतंय म्हणून लक्ष दुसरीकडे न्यायचं असतं, म्हणून बायका बोलत सुटतात. शोभाबाईंनी अर्ध्या जिल्ह्याच्या सुनांचं म्हणणं असं हात धरून ऐकलेलं. तोंडानं त्या फटकळ, पण एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकान पहिल्या संक्रांतीलाच बसलं असतं.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडून मागच्या खोलीत आम्ही बसायचो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या. तरी शोभाबाईंनी हातवारे केले की फळीवरचे बांगड्यांचे डबे खुळखुळायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, आम्ही मुद्दाम संगीत टाकतो. एकानं तर त्या वाद्याचं नाव विचारलं.

प्रश्न कसले यायचे? एकाचा आला, "नवी मोटारसायकल घेतली. पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं. पन गाडी पुढं घेतली तं लिंबू फुटलंच नाही, बाजूले सरकलं. आता गाडी वापस करू का?" शोभाबाई म्हणाल्या, "गाडी ठेव, लिंबू वापस कर."

दुसऱ्याच्या सासऱ्यानं शेतात रोडग्यांचा स्वयंपाक ठेवला होता. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, आमच्याकडे ते वरणात कुस्करून, वर तूप ओतून खातात. जावई धुरानं डोळे चोळत म्हणाला, मामाजी, पुढच्या बारीला ओव्हनमध्ये भाजू. तेव्हापासून सासरा त्याच्याशी बोलेना. काय करावं? मी म्हटलं, माफी माग. शोभाबाई म्हणाल्या, "सासरा बोलत नाही तं सुखात हाय तू. कायले इचारून राह्यला?"

एका गृहस्थानं म्हैस, धाकटा भाऊ आणि शेजाऱ्याचा पाइप यांच्याबद्दल बरंच काही सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "बस, एवढंच." प्रश्न नव्हताच. आम्ही ते सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो भाग लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकला. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पाठवणाऱ्याचा आवाज आम्ही कधीच ऐकवायचो नाही. आमच्या जिल्ह्यात माणूस नुसता खाकरला तरी लोक त्याच्या मामाचं नाव सांगतात. म्हणून प्रश्न शोभाबाई स्वतःच्या आवाजात, नकला करून म्हणायच्या. नाव बदलायचं, गाव बदलायचं. सुरुवातीला मी गावं मनानं रचायचो. एकदा टेकडगाव असं नाव ठोकून दिलं. लगेच निरोप सुरू झाले. हे टेकडगाव कोणत्या तालुक्यात? गाडी कुठून बदलायची? एक जण म्हणाला, "आमी नकाशात पाहून राह्यलो, दिसत नाही, तुमी लोकायले येड्यात काढता का?" गाव खोटं निघालं की लोकांना प्रश्नही खोटा वाटतो. तेव्हापासून आम्ही खऱ्या गावाच्या जागी दुसरं खरं गाव घालू लागलो. मालेगावचा माणूस मानोऱ्याचा व्हायचा, मानोऱ्याचा रिसोडचा.

आणि प्रश्न खराच पाहिजे. हा आमचा एकमेव माज होता. पुण्याहून एका हुशार मुलाचा फोन आला होता. म्हणाला, काका, प्रश्न आम्ही लिहून देऊ, सगळे तसंच करतात, लोकांना कळतही नाही. शोभाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "ज्यानं प्रश्न लिहिला त्याले उत्तर माहीतच असन. मंग मले कायले तरास देता?" आणि ठेवून दिला. माझ्याकडे गर्व करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पण एकही प्रश्न आम्ही घरी केलेला नाही, हे मी चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचो, न विचारता सांगायचो.

मग रिठदच्या एका मुलीचा प्रश्न आला. आवाज हळू, मागे भांडी घासल्याचा आवाज. "ताई, माह्यं साक्षगंध झालं. पोरगा वाईट नाही. रोज तोच फोन करते. पयले इचारते, जेवली का. मंग त्यानं काय खाल्लं ते सांगते. मंग म्हनते, ठेवू का. त्याच्यापुढं त्याची गाडीच जात नाही. मले पयले हसू ये, आता रडू येते. साक्षगंध झाल्यावर नाही म्हनलं तं चालते का?"

साक्षगंध म्हणजे साखरपुडा. आम्ही रिठदचं आसेगाव केलं. आसेगाव शोभाबाईंना सुचलं, मला दुसरं कोणतं सुचलं नाही. मग मी नवरदेव झालो, त्या नवरी झाल्या.

"जेवली का?"

"जेवली."

"आमच्याकडे आज दोडक्याची भाजी होती."

"आन् वरन?"

"वरनबी होतं. ठेवू का?"

"अवं, तुमी नवरदेव हाय का खानावळवाले?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी शोभाबाई म्हणाल्या, "पोरी, लग्नाआधी नाही म्हनता येते. लग्नानंतर नुसतं 'जेवले का' म्हनता येते." डबे खुळखुळले, मी माईक बंद केला. काम चांगलं झालं असं दोघांनाही वाटलं.

लोकांना तर ते इतकं आवडलं की पानटपरीवर, कोर्टाच्या आवारात, रेल्वे स्टेशनवर पोरं एकमेकांना 'जेवली का' म्हणून हाका मारू लागली. आणि मला नवरदेवांचे फोन सुरू झाले. "भाऊ, तो मी तं नाही ना?" हंगामात जितकी साक्षगंधं झाली होती तितक्या पोरांना तो आपणच आहोत असं वाटत होतं. कारण सगळे तेच विचारत होते. एकाला मी म्हटलं, तू नाहीस. तर तो म्हणाला, "पक्कं ना? कारन काल भाजी दोडक्याचीच होती."

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग एका दुपारी दुकानाच्या अर्ध्या शटरखालून वाकून एक गृहस्थ आत आले. मागे विशीतली मुलगी. गृहस्थ आसेगावचे उत्तमराव, मुलगी त्यांची प्रणाली. तिचं साक्षगंध कारंज्याकडच्या अंकुश नावाच्या मुलाशी झालेलं. आणि हा अंकुश फोनवर काय विचारायचा, ते सांगायला नको.

उत्तमराव बसले, पाणी प्यायले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "भाऊ, पोराचे सोबती त्याले दुकानावर येऊन 'जेवली का' म्हनतात. त्याची आई म्हनते, पोरीनं आमची इज्जत रेडिओवर टाकली. रविवारी येऊन राह्यले ते. सोयरीक मोडाले."

"पन हे तुमच्या पोरीनं इचारलंच नाही," शोभाबाई म्हणाल्या. "आमी गाव बदलून सांगतो. प्रश्न दुसऱ्या गावचा हाय."

"कोन्या गावचा?"

"ते नाही सांगत."

"मले माहीत हाय माह्यी पोरगी असं करनार नाही. पन ते लोक मानतीन का?"

शोभाबाई मुलीकडे वळल्या. त्यांनी सवयीनं तिचा हात हातात घेतला, जणू बांगड्यांचं माप घ्यायचंय. "तुले काय पाह्यजे, ते सांग. सोयरीक मोडली तं मोडू दे म्हनत असशीन तं तसं सांग."

प्रणालीनं आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले अंकुश पाह्यजे. लोकायले हसू येते, पन मले त्याचं 'जेवली का' चांगलं वाटते. आई गेल्यापासून घरात सगळ्यायले वाढून मीच मागून जेवते. मले आजवर कोनी इचारलं नवतं."

उत्तमरावांनी मान खाली घातली. मी माईकची वायर गुंडाळत बसलो, ती आधीच गुंडाळलेली होती.

ते गेल्यावर मी म्हटलं, सरळ आहे, पुढच्या भागात सांगून टाकू की प्रश्न आसेगावचा नव्हता. शोभाबाई म्हणाल्या, "मंग लोक बाकीचे गावं शोधायले निघतीन. इवाईबुवा, तुमाले आपले लोक माहीत नाही का? चार दिवसांत रिठदले पोचतीन." मी म्हटलं, मग रिठदच्या मुलीलाच विचारू, तुझं नाव फक्त अंकुशच्या घरी सांगितलं तर चालेल का. त्या भडकल्या. "तिनं अजून ठरवलं नाही, म्हनून तं तिनं आपल्याले इचारलं. आता आपनच तिच्या दारात बोभाटा करू का? एकीची वाचवाले दुसरीची मोडू का?"



रविवारी आम्ही आसेगावला गेलो. उत्तमरावांच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली, पोहे झालेले, कोणी खात नव्हतं. अंकुश कोपऱ्यात बसला होता. उंच, गोरटेला, बापाचं खताबियाण्याचं दुकान सांभाळणारा साधा पोरगा. तो कोणाशीच एक अक्षर बोलला नाही. बिचाऱ्याचं एक वाक्य होतं, तेही आम्ही जिल्हाभर वाटून टाकलं होतं.

बोलत होती ती त्याची आई. बाई तडफदार. "मी तुमचा कार्यक्रम रोज लावतो, बाई," ती शोभाबाईंना म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'मी लावतो, मी जातो' असंच म्हणतात. "भाकरी करतानी ऐकतो. माह्याच पोराची टवाळी मीच हसून हसून ऐकली, हे मले दुसऱ्या दिवशी समजलं."

"तुमच्या पोराची नवती ती," शोभाबाई म्हणाल्या.

"मंग आवाज ऐकवा. ज्या पोरीनं प्रश्न पाठवला तिचा आवाज तुमच्याजवळ असन ना? ऐकवा. प्रणालीचा नसन तं मी सगळ्यायसमोर तिच्या पाया पडतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज माझ्या खिशात होता. मोबाइल काढायचा आणि बोट लावायचं, एवढंच काम. एका क्षणात प्रणालीचं लग्न वाचलं असतं. पण त्या बैठकीत मंडळी कुठकुठली बसली होती! कोणाची बहीण रिसोडला दिलेली, कोणाचा साळा रिठदजवळ. कोणीतरी म्हटलंच असतं, अरे, ही तर अमक्याची पोरगी. खोटं कशाला सांगू, माझा हात खिशाकडे गेला. समोर बसलेली पोरगी दिसत होती, दुसरी दिसत नव्हती.

शोभाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आवाज नाही," त्या म्हणाल्या. "असनच कसा? प्रश्न आमीच बनवतो."

"म्हंजे?"

"म्हंजे कोनी पाठवत नाही. हे इवाईबुवा घरी बसून लिहितात, मी वाचतो. सगळे. पयल्यापासून."

अंकुशची आई शोभाबाईंच्या पुढ्यात सरकून बसली. मग तिनं विचारलं, "मंग ते लिंबाचं?"

"तेबी बनवलेलं."

"रोडग्याचं?"

"तेबी."

"म्हशीवाला?"

"म्हैस नाही, म्हशीवालाबी नाही."

बाईचा चेहरा पडला. सोयरीक मोडायला आली तेव्हा तिला राग होता, आता वाईट वाटलेलं दिसलं. "मी तं त्या लिंबाचं बहिनीले फोन करून सांगितलं होतं," ती म्हणाली. "अशी कशी तुमी मानसं?" पण मुलीवरचा राग तिथंच उतरला, कारण तो आता आमच्यावर आला होता. उत्तमराव आणि प्रणाली दोघांनाही खरं माहीत होतं. दोघं काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं पोहे गरम करून पुन्हा आले आणि लोकांनी खाल्ले. आमच्या ताटल्या मात्र कोणी दुसऱ्यांदा भरल्या नाहीत.

परतताना मी चिडलेलो होतो. मोटारसायकल चालवत मागे न वळताच बोललो, "सगळे प्रश्न कायले म्हनलं? तो एकच बनावट होता म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"एकच म्हनलं असतं तं त्यायनं इचारलं असतं, हाच एक काहून? आपला गळा सोडवाले म्हनता का? धा खोट्यात एक लपते. एकटा उघडा पडते."

"आपलं दुकान बुडवलं तुमी, ईनबाई."

"माह्यं दुकान बांगड्याचं हाय. ते चालू हाय."

एवढं म्हणून त्यांनी तोंडावर पदर ओढून घेतला, तो वाशीम आलं तरी काढला नाही. त्यांनाही झोंबलेलंच होतं. मी त्यांचा इवाई आहे, मला कळतं.

प्रणाली-अंकुशचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. प्रणालीचा हिरवा चुडा शोभाबाईंनी आसेगावला जाऊन भरला. अंकुशच्या आईनं मला टोपी-दुपट्टा दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता याच्यावरबी एखादा प्रश्न बनवान." मंडळी हसली. रिवाजाप्रमाणे मलाही हसावं लागलं.

बातमी लग्नाच्या आधीच सगळीकडे पोचली होती. टपरीवर चहावाला म्हणाला, "काय भाऊ, छाती काढून सांगत होते ना?" प्रश्न यायचे थांबले. ज्यांनी खरे प्रश्न पाठवले होते, तेही भांडायला आले नाहीत; हो, तो लिंबाचा मीच विचारला होता, असं कोण कबूल करणार? म्हशीवाल्याचा मात्र निरोप आला. फार रागात होता. "माह्यी म्हैस नाही म्हनता?" त्याची समजूत आजवर पटलेली नाही.

काही आठवडे आम्ही रिकाम्या खोलीत बसलो. मग एका दुपारी मी एक प्रश्न लिहिला. शोभाबाईंनी काही न म्हणता वाचला आणि उत्तर दिलं. दुसऱ्या आठवड्यात दोन लिहिले. आता सगळेच मी लिहितो. त्या दिवशी आसेगावच्या बैठकीत त्या जे खोटं बोलल्या ते आता अक्षरशः खरं आहे. आणि वाईट याचं वाटतं, की लोक पूर्वीपेक्षा जास्त ऐकतात. बनावट प्रश्नाला मोकळं हसता येतं, हा कोण असेल ते शोधावं लागत नाही. मला मात्र लिहिताना उत्तर आधीच माहीत असतं. हसू येत नाही.

या उन्हाळ्यात फोनवर पुन्हा एकीचा, तिच्या स्वतःच्या आवाजातला प्रश्न आला. मी तो आवाज ओळखला. मागे भांडी नव्हती, पण आवाज तोच, हळू.

"ताई, तुमी सगळ्यायले सांगितलं, प्रश्न बनावट असतात म्हनून. माह्यी सासू होनारी होती तिनंबी तेच म्हनलं, म्हनून माह्यावर कोनाले शक आला नाही. नाही तं मले मारलंच असतं. पन मी नंतर घरी स्वतःच्या तोंडानं नाही म्हनलं. बाबा अजून बोलत नाहीत. आई बोलते. आता दुसरं स्थळ येऊन राह्यलं. या बारीले पयल्याच दिवशी त्याले काय इचारू?"

किती तरी दिवसांनी खरा प्रश्न आला होता. मी भराभर वायर जोडली, माईक शोभाबाईंसमोर सरकवला, म्हटलं, रिठदचं यावेळी काय करायचं? त्यांनी माईक बाजूला सारला. माझा मोबाइल उचलला, त्या मुलीला फोन लावला आणि दुकानाच्या पुढच्या भागात, बांगड्यांच्या फळीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुले जे खरंच जानून घ्यायचं हाय तेच इचार. सगळ्यायसमोर इचार. तो घाबरला तरी चालन, पन तुह्याकडे पाहून उत्तर देते का, ते पाह्य. आन् मनाले नाही पटलं तं पुन्हा नाही म्हन. एकडाव म्हनलं हाय तुनं, आता येते तुले."

मग बराच वेळ बोलत राहिल्या. टिंगल नाही, टोमणा नाही, डबे खुळखुळले नाहीत. आमच्या सगळ्या उत्तरांत ते एक उत्तर मला पटलं. मागच्या खोलीत माईक चालू होता, तिथवर त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. मी जाऊन तो बंद केला.